फोनवरून स्प्रिंकलर चालवायचेत? आधी वायरी बघा

कोणतं ॲप चांगलं, हे नंतर बघू. आधी जुन्या कंट्रोलरची (ठरलेल्या वेळी स्प्रिंकलर चालू-बंद करणाऱ्या डब्याची) वीज बंद करून झाकण उघडा. बहुतेक घरगुती व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीवर चालतात. प्रत्येक झोनची, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या बागेच्या भागाची, एक वायर आणि सगळ्यांची मिळून एक कॉमन. काहीही सोडवण्याआधी फोटो काढा, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. मी ते केलं नव्हतं आणि अख्खा दिवस वायरी जुळवण्यात गेला.

फोनवरून चालणारे बरेच कंट्रोलर फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात. कंट्रोलर लावायच्या जागी उभं राहून सिग्नल तपासा. इंटरनेट गेल्यावरही ठरलेल्या वेळा पाळणारंच उपकरण घ्या, यात तडजोड नको.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: फोनवर ‘चालू’ दिसलं म्हणजे पाणी पडतंय असं नाही. कंट्रोलर फक्त व्हॉल्व्हला वीज पाठवतो. नोझल तुंबलं, पाइप फुटला, तर फ्लो सेन्सरशिवाय (पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाशिवाय) ॲपला काही कळत नाही. म्हणून अधूनमधून फोन घेऊन बागेत जा, एकेक झोन दोन मिनिटं चालवा, प्रत्येक नोझल डोळ्यांनी बघा. पूर्वी यासाठी कंट्रोलरपर्यंत किती हेलपाटे व्हायचे! मला तर फोनचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो.

जमीन चिकणमातीची असेल तर सलग २१ मिनिटांऐवजी सात-सात मिनिटांचे तीन हप्ते करा, मध्ये अर्धा तास मुरू द्या. नाहीतर पाणी वाहून जातं.

आणि घराबाहेरून कंट्रोलरला जोडण्यासाठी राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) उघडू नका.