हायवेवर १२० ऐवजी १०० ने गाडी चालवली तर पेट्रोल खरंच वाचतं का, की नुसता वेळ जातो?

हो, वाचतं, आणि चांगलंच वाचतं. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० वरून १२० ला गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढतो, टायरचं घर्षण तेवढं वाढत नाही म्हणून पेट्रोल अगदी ४४ टक्के जास्त जात नाही पण फरक मोठाच असतो. वेळेचं बघा, २०० किमीला १२० ने १ तास ४० मिनिटं, १०० ने २ तास, म्हणजे फक्त २० मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तरच. डॅशबोर्डवर चालू मायलेज दिसत असेल तर सपाट रस्त्यावर हळूहळू स्पीड कमी करून बघा, आकडा डोळ्यांसमोर वाढतो. आणि हो, टपावरचं रिकामं कॅरियर आधी काढा!