तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे

इस्लामी शिक्षणाचे शिक्षक शाळकरी मुलांना धर्माची जाण कशी देतात, यावर लेख लिहिणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: 'धार्मिक साक्षरता' हा शब्द चालेल का? चालेल. फक्त 'धार्मिकता'च्या जागी तो ठोकून देऊ नका; हल्ली सर्रास तेच ऐकू येतं. मूल किती श्रद्धाळू आहे हे साक्षरता सांगत नाही. नाझरा, म्हणजे कुराण बघून वाचणं, ही तिची पहिली पायरी. ती अर्थ न कळताही चढता येते. वचनाचा अर्थ काय, ते कशाच्या संदर्भात आलं, हे पुढचं काम शिक्षकाचं.

पण 'तालीम' असताना हे जोडशब्द कशाला? 'अहो, ती पैलवानांची!' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. अरबीत इल्म म्हणजे ज्ञान, तालीम म्हणजे ते करून देणं. तपशील, तहसील याच साच्यातले, आणि कुराणपठणातल्या शुद्ध उच्चारांचं शास्त्र 'तजवीद', तेही. मराठीने शब्द आखाड्यात नेला तो उगाच नाही. वस्ताद करून दाखवतो, पठ्ठ्या तसंच करतो, चुकला की पुन्हा. तजवीदचा वर्ग याहून वेगळा असतो का? शिक्षक आयत, म्हणजे कुराणातलं वचन, म्हणून दाखवतात, मूल मागून म्हणतं, 'ऐन' या अरबी अक्षराचा घशातला उच्चार निसटला की परत तीच आयत.

मलेशियाचे विद्वान सय्यद मुहम्मद नकीब अल-अत्तास यांनी 1977 च्या मक्केतल्या शिक्षण परिषदेत 'तादीब' हा शब्द पुढे केला. आपल्या 'अदब'चा सख्खा. त्यांच्या मते शिक्षणाला तोच खरा शब्द. 'तरबियत' म्हणजे नुसतं वाढवणं, ते झाडाजनावरांचंही होतं. तरबियतवरचा आक्षेप मान्य. पण तादीबचं मूळ कुराणात एकदाही येत नाही, आणि तालीमचं क्रियापद कुराणाच्या 96व्या सूरेतच, म्हणजे अध्यायातच, आहे: 'कलमेने (लेखणीने) शिकवलं.' कलम आणि तालीम एका ओळीत! साक्षरतेला याहून मोठा दाखला कुठून आणायचा?

राहिली बिचारी तरबियत. कोशकार काहीही म्हणोत, मला आपला 'तरबेज' तिच्याच घरचा वाटतो. 'त'चा 'ज' कसा झाला, ते मात्र विचारू नका.