वाचकांचे प्रश्न : समुद्रपक्ष्यांत नर मोठा की मादी?

प्रश्न : आम्ही काही मित्र दर हिवाळ्यात भिगवणला पक्षी पाहायला जातो. तेथील कुरवांच्या थव्यात काही पक्षी ठळकपणे मोठे दिसतात. ते नर समजावेत का? शिक्र्याची मादी नरापेक्षा मोठी असते हे आम्हांला माहीत आहे. अल्बट्रॉस या लांब पंखांच्या समुद्रपक्ष्यात मात्र नर मोठा असतो आणि नर-मादी समुद्राच्या वेगवेगळ्या भागांत अन्न शोधतात, असे वाचनात आले. मग शरीर वेगळे म्हणून अन्न वेगळे, की अन्न वेगळे म्हणून शरीर वेगळे? (एक वाचक, सहकारनगर, पुणे)

उत्तर : आधी भिगवणचे पाहू. उजनीच्या पाणलोटावर तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव येतात, तसाच त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा असा पलासचा कुरवही येतो. आपल्याला दिसलेले ठळकपणे मोठे पक्षी बहुधा या वेगळ्या जातीचे असावेत. कुरवांमध्ये नर मादीपेक्षा थोडा मोठा असतो हे खरे. पण हा फरक इतका थोडा असतो की जोडी शेजारी-शेजारी उभी असल्याखेरीज, आणि तेव्हाही खात्रीने नव्हे, तो दुर्बिणीतून ओळखता येत नाही.

आपला खरा प्रश्न मात्र फार चांगला आहे, कारण या विषयावर लिहिणारेही पुष्कळदा तो न विचारताच उत्तर देऊन मोकळे होतात. अल्बट्रॉस, पेट्रेल, पेंग्विन आणि पाणकावळे यांच्या बहुतेक जातींत नर मोठा असतो. बूबी, फ्रिगेटबर्ड आणि स्कुआ या समुद्रपक्ष्यांत शिक्र्याप्रमाणेच मादी मोठी असते. निळ्या पायांच्या बूबीची मादी नराहून जवळजवळ तीस टक्के जड असते. पावसाळी वादळांनंतर कोकण किनाऱ्यावर थकून पडलेले जे मास्क्ड बूबी अधूनमधून सापडतात, त्यांच्यातही मादीच मोठी. तेव्हा समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्यांसाठी नर-मादीच्या आकाराचा एकच नियम नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

आता भटक्या अल्बट्रॉसचे उदाहरण घेऊ. पसरलेल्या पंखांची रुंदी साडेतीन मीटरपर्यंत जाणाऱ्या या पक्ष्याचा नर मादीपेक्षा सुमारे 20 टक्के जड असतो. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील क्रोझे बेटांवर पिएर जूव्हॉन्ताँ आणि आँरी व्हायमर्सकिर्श या फ्रेंच शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. अंडे उबवण्याच्या काळात जोडीदाराला घरट्यावर बसवून अन्नासाठी निघालेला पक्षी एकाच फेरीत 3,600 ते 15,000 किलोमीटरचा प्रवास करतो, हे त्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केले. पुढील वर्षांच्या मागोव्यातून दिसले ते असे की, नर प्रामुख्याने दक्षिणेकडे अंटार्क्टिकाच्या थंड पाण्याच्या दिशेने जातात, तर माद्या उत्तरेकडच्या तुलनेने उबदार पाण्याकडे वळतात.

असे का व्हावे, याचे एक पटण्याजोगे कारण उड्डाणाच्या गणितात आहे. शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढले, तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि पंखांचे क्षेत्रफळ केवळ वर्गाच्या प्रमाणात. म्हणून मोठ्या पक्ष्याच्या पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर अधिक भार येतो. अल्बट्रॉस पंख फारसे न हलवता वाऱ्यावर तरंगत जातो, आणि अधिक भाराच्या पंखांना तरंगत राहण्यासाठी अधिक वेगाचा वारा लागतो. दक्षिण गोलार्धात चाळीस ते साठ अंशांच्या पट्ट्यात असे वारे जवळजवळ बारमाही वाहतात. हलकी मादी मंद वाऱ्यातही कमी श्रमात फिरू शकते, म्हणून उत्तरेकडचा समुद्र तिला परवडतो. परंतु यावरून नराचे शरीर दक्षिणेकडच्या वाऱ्यासाठी मोठे झाले असे सिद्ध होत नाही. जागेसाठी आणि जोडीदारासाठी होणाऱ्या नरा-नरांतील स्पर्धेमुळे शरीर आधी मोठे झाले असेल आणि त्या शरीराला जो समुद्र सोयीचा, तिकडे नर गेला असेल, ही शक्यता तितकीच खुली राहते. मला स्वतःला अल्बट्रॉसच्या बाबतीत हाच क्रम अधिक संभाव्य वाटतो.

जायंट पेट्रेल या थोराड समुद्रपक्ष्याची गोष्ट निराळी आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातील दक्षिण जॉर्जिया बेटाच्या किनाऱ्यांवर फर सील पिल्लांना जन्म देतात तेव्हा मृत सील आणि पेंग्विन यांचा तेथे खच पडतो, आणि या मेजवानीवर मुख्यतः नर जायंट पेट्रेल ताबा मिळवतात. पंख पसरून, मान पुढे काढून, रक्ताने माखलेली चोच उगारून ते एकमेकांना हुसकावतात, आणि त्या धक्काबुक्कीत लहान मादीचा निभाव लागणे अवघड असते. ती बहुतांशी खुल्या समुद्रावर अन्न शोधते. येथे विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, नराची चोच त्याच्या शरीराच्या मानाने अपेक्षित असावी त्याहूनही मोठी असते. केवळ सर्वांगीण वाढ झाली असती, तर चोच शरीराच्या प्रमाणातच वाढली असती. कातडे फाडण्याचे आणि प्रतिस्पर्ध्याला हटवण्याचे जे अवयव, नेमके तेच अधिक वाढलेले दिसत असतील, तर अन्नाने शरीर घडवले असे म्हणायला आधार मिळतो. अर्थात, लढाई आणि भोजन एकाच कलेवरावर चालू असताना त्यांपैकी कशाने किती काम केले, हे वेगळे काढणे कठीण आहे.

आता या दोन्ही उदाहरणांना छेद देणारा गॅनेट हा बुड्या मारून मासे पकडणारा समुद्रपक्षी पाहा. स्कॉटलंडजवळच्या बास रॉक या खडकाळ बेटावर हजारोंनी घरटी करणाऱ्या या पक्ष्यात नर आणि मादी जवळजवळ सारख्याच आकाराचे असतात. तरीही 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माद्या नरांपेक्षा खोल आणि अधिक वेळ बुड्या मारतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावरही अधिक काळ घालवतात, असे आढळले. शरीरात फरक नसताना अन्न शोधण्यात फरक पडत असेल, तर आकाराकडे एकमेव कारण म्हणून बोट दाखवता येत नाही. अंडे घालताना मादीचे जे पोषण खर्ची पडते त्याची भरपाई आणि पिल्लांच्या संगोपनातील दोघांचा वेगवेगळा वाटा हीदेखील कारणे असू शकतात. दक्षिणेकडील निळ्या डोळ्यांच्या शॅगमध्ये, म्हणजे आपल्या पाषाण तलावावरच्या पाणकावळ्यांच्या दूरच्या नातलगांत, माद्या सकाळी आणि नर दुपारनंतर मासेमारीला जातात, कारण पिल्लांजवळ कोणी तरी एकाने थांबायचेच असते. तेथे नर मोठा असतो आणि मोठ्या शरीरात प्राणवायूचा साठा अधिक राहत असल्याने तो अधिक खोल बुडी मारू शकतो. परंतु सकाळ-दुपारची ही पाळी खोलीच्या फरकाने उलगडत नाही.

एका लोकप्रिय स्पष्टीकरणाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. जोडप्याने एकमेकांचे अन्न हिरावू नये म्हणून निसर्गाने समुद्र वाटून दिला, असे वारंवार लिहिले जाते. एकाच जातीच्या नर-मादीत अन्नाची वाटणी होऊ शकते, ही कल्पना रॉबर्ट सिलँडर यांनी 1966 मध्ये सुतारपक्ष्यांवरून मांडली आणि ती गंभीरपणे घेण्याजोगी आहे. पण नैसर्गिक निवड एकेका पक्ष्याच्या यशापयशावर चालते, जोडप्याच्या सोयीसाठी नव्हे. शिवाय हजारो पक्ष्यांच्या वसाहतीभोवतालच्या समुद्रात आपल्या जोडीदाराशी होणारी स्पर्धा म्हणजे एकूण स्पर्धेचा अगदी क्षुल्लक अंश असतो. लहान पक्षी मोठ्यांच्या गर्दीतून बाजूला पडतो आणि दुसरीकडे अन्न शोधतो, इतके मानले तरी बरेचसे चित्र स्पष्ट होते.

प्रश्न : नर आणि मादी दिसायला सारखे असतील, तर कोण कुठे गेले हे संशोधकांना कळते कसे? (एक विद्यार्थिनी, चिंचवड)

उत्तर : रक्ताच्या एका थेंबावरून किंवा पिसाच्या मुळावरून. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे झेड आणि डब्ल्यू अशी भिन्न असतात, तर नराची दोन्ही झेड. या दोन गुणसूत्रांवरील एका जनुकाच्या प्रतींची लांबी वेगळी असल्याने प्रयोगशाळेत लिंग निश्चित करता येते. त्याआधी बहुधा मीलन पाहणे किंवा चोचीची मापे घेणे यांवरच भिस्त ठेवावी लागे. प्रवासाचा मागोवा जीपीएसने घेतला जातो, तर बुडीचा मागोवा पाण्याचा दाब मोजणाऱ्या यंत्राने. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांपेक्षा कमी असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पिसांतील आणि रक्तातील नायट्रोजन व कार्बन यांच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, पक्षी अन्नसाखळीत किती वरचे अन्न खातो आणि कोणत्या पाण्यात वावरला, याचा अंदाज बांधता येतो.

आपण संगणकशास्त्र शिकत असाल, तर पामर पेंग्विन्स ही विदा (डेटा) कदाचित आपण हाताळलीही असेल. सरावासाठी वापरली जाणारी ती 344 पक्ष्यांची माहिती 2007 ते 2009 या काळात अंटार्क्टिकातील पामर द्वीपसमूहात क्रिस्टन गॉर्मन आणि सहकाऱ्यांनी नेमकी याच प्रश्नासाठी, म्हणजे नर-मादीच्या आकारातील आणि अन्नातील फरकासाठी, गोळा केली होती. तीत अ‍ॅडेली पेंग्विनच्या नराचे सरासरी वजन सुमारे चार किलो आणि मादीचे सुमारे तीन किलो चारशे ग्रॅम दिसते. आलेख काढायला शिकवणारे पुष्कळ जण त्यातील समस्थानिकांचे आकडे वगळतात. आपण ते वगळू नयेत.

प्रश्न : या माहितीचा पक्ष्यांच्या संरक्षणासाठी काही उपयोग होतो का? (एक वाचक, कर्वेनगर, पुणे)

उत्तर : होतो, आणि भटक्या अल्बट्रॉसच्या बाबतीत तर थेट होतो. ट्यूनासाठी टाकल्या जाणाऱ्या लांब दोऱ्या कित्येक किलोमीटर पसरतात आणि त्यांना हजारो गळ असतात. दोरी पाण्यात बुडण्यापूर्वी आमिष पकडायला गेलेला अल्बट्रॉस गळाला अडकून बुडतो. ट्यूनाची ही मासेमारी उबदार पाण्यात अधिक चालते, आणि माद्या तिकडेच जातात. त्यामुळे क्रोझेसारख्या वसाहतींत माद्या अधिक मरतात आणि नरांची संख्या जास्त उरते. या पक्ष्याची जोडी दोन वर्षांतून एकदाच एक अंडे घालते, आणि जोडीदार गमावलेल्या नराला नवी जोडी जमवायला अनेकदा वर्षे लागतात. म्हणून एकूण पक्षी मोजले तर संख्या बरी दिसते, परंतु अंडी घालणाऱ्या माद्या किती, ही संख्या वेगळी मोजावी लागते. अल्बट्रॉस आणि पेट्रेल यांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 2004 पासून लागू आहे. रात्री दोरी टाकणे, गळाजवळ वजन बांधून ती लवकर बुडवणे आणि बोटीमागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी ओढून पक्ष्यांना दूर ठेवणे हे उपाय सर्वज्ञात आहेत. ते केवळ वसाहतीजवळच्या पाण्यात सक्तीचे केल्यास नर अधिक वाचतील. माद्यांसाठी हे नियम उत्तरेकडच्या खुल्या समुद्रातही, जेथे कोणत्याच एका देशाची सत्ता चालत नाही, लागू करून घ्यावे लागतील.