स्वाहिलीतलं 'जर-तर' क्रियापदाच्या पोटात असतं

तुम्ही विचारलंय की स्वाहिलीत 'जर'साठी प्रत्येक वेळी 'कामा' लावायचं का. नाही. 'कामा' आहे, चालतोही, पण अट खरी बसते ती क्रियापदात. 'उकिम्वोना, म्वाम्बिए' हे वाक्य फोडून बघा: उ म्हणजे तू, कि ही अट, म्व म्हणजे त्याला, ओना म्हणजे दिसणं. 'तो तुला दिसला तर त्याला सांग.' अख्खी अट एका शब्दात मावली!

हा 'कि' मात्र जपून वापरा. 'उकिजा, निताकुपा चाई' याचा अर्थ 'आलास तर चहा देईन' असाही होतो आणि 'आलास की देईन' असाही. येणार हे नक्की असेल आणि ते स्पष्ट करायचं असेल, तर 'उताकापोकुजा' म्हणा. शिवाय 'निलिम्वोना अकिपिका' यात अट नाहीच. 'मी तिला स्वयंपाक करताना पाहिलं' एवढंच. संदर्भ बघूनच ठरवावं लागतं.

न घडलेल्या गोष्टींसाठी 'ंगे' येतो, आणि इथे मराठी माणसाला अर्धी वाट आधीच ठाऊक असते. 'पैसे असते तर घर घेतलं असतं' यात आपण 'असतं' दोन्हीकडे लावतो ना? तसंच 'निंगेकुवा ना पेसा, निंगेनुनुआ न्युम्बा'. एका बाजूचा 'ंगे' गाळला की वाक्य लंगडं पडतं. पुस्तकं भूतकाळासाठी 'ंगाली' वेगळा शिकवतात. तो ओळखता यायला हवा, पण बोलताना पुष्कळदा 'ंगे'वरच दोन्ही काळ भागतात. माझ्या मते आधी 'ंगे' पक्का करा.

नकारी अटीसाठी ('नाही केलंस तर') 'सिपो'. एक म्हण पाठच करा: 'उसिपोझिबा उफा, उताजेंगा उकुता', म्हणजे तडा बुजवला नाहीस तर भिंत बांधशील.

तुम्ही पाठवलेल्या वाक्यात 'उकिकुजा' झालंय, तिथे 'उकिजा' हवं. 'कुजा' (येणं), 'कुला' (खाणं) यांत मूळ धातू 'जा', 'ला' एवढाच, म्हणजे एकाक्षरी; त्यांच्या आधीचा 'कु' हा 'कि'पुढे गळतो. स्वाहिलीत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, म्हणजे 'कु' गळला की तो त्याच्या आधीच्या अक्षरावर येतो. 'कि' तो पेलतो, 'ंगे' आणि 'सिपो' पेलत नाहीत. म्हणून 'उकिला', पण 'उंगेकुला' आणि 'उसिपोकुला'.