रीमा लागू 'मैंने प्यार किया'मध्ये सलमान खानच्या 'आई' झाल्या तेव्हा त्यांचं वय किती होतं?

फक्त 31. 'मैंने प्यार किया' 1989च्या डिसेंबरअखेर आला आणि रीमाताईंचा जन्म 21 जून 1958चा. सलमान खान 1965चा, म्हणजे पडद्यावरच्या मायलेकांत जेमतेम साडेसात वर्षांचं अंतर. त्याच्या आदल्याच वर्षी 'कयामत से कयामत तक'मध्ये त्या जुही चावलाच्या आई होत्या. 'वास्तव'चा (1999) हिशेब तर आणखी चकित करणारा आहे: संजय दत्तचा जन्म जुलै 1959चा, त्यांच्यापेक्षा तेरा महिन्यांनी लहान! आणि तरीही शेवटी मुलाच्याच विनवणीवरून त्याच्यावर गोळी झाडणारी ती आई बघताना वयाचा विचार क्षणभरही मनात येत नाही. माझ्या मते हिंदीतलं त्यांचं सर्वांत ताकदीचं काम तेच.

मात्र 'तरुण वयातच आईच्या भूमिकांत अडकल्या' हे फक्त हिंदी सिनेमापुरतं खरं. अभिनय त्यांच्या घरातलाच, आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. मराठी रंगभूमीवर 'पुरुष', 'सविता दामोदर परांजपे' अशा नाटकांत त्या प्रमुख भूमिकेत होत्या. ज्यांनी ती पाहिली ते त्यांना कुणाची आई म्हणून ओळखत नाहीत. टीव्हीवर 'तू तू मैं मैं'मधली खट सासू आणि 'श्रीमान श्रीमती'मधली कोकिळा यांतून त्यांचं विनोदाचं अचूक टायमिंग दिसतं. 18 मे 2017 रोजी त्या गेल्या तेव्हाही त्यांची 'नामकरण' ही मालिका चालू होती.