ऑनलाइन लेखनसमूहात कथा टाकल्याने लेखन सुधारते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ऑनलाइन लेखनसमूहात कथा टाकत राहिल्याने लेखन सुधारते का, आणि तिथे टाकलेली कथा चोरीला जाण्याची भीती कितपत खरी आहे. दुसरे आधी उरकतो. कथा लिहून झाली की तिचा हक्क आपोआप लेखकाचा होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही तो हक्क ६० वर्षे टिकतो. तरीही नाव काढून टाकलेल्या कथा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात हे खरे आहे. माझ्या दोन कथा ‘लेखक अनामिक’ अशा शेऱ्यासह फिरत फिरत माझ्याकडेच आल्या. समूहावरच्या धाग्याची, म्हणजे कथा आणि तिच्याखालचे प्रतिसाद असलेल्या पानाची, तारीख हा तुमच्या हाती राहणारा पुरावा आहे. या भीतीपायी कथा दडवून ठेवू नका.

पहिला प्रश्न मला जिव्हारी लागला, कारण एकाच कथेच्या बाबतीत या समूहाने मला घडवलेही आणि त्याच समूहाच्या नादी लागून मी ती कथा बिघडवलीही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरीला होतो. आसपास लिहिणारे कोणी नव्हते. दिवाळी अंकाला कथा पाठवायची, तर ती मिळाल्याची पोचसुद्धा अनेकदा येत नसे. मायबोली १९९६ पासून, मनोगत २००४ पासून आणि मिसळपाव २००७ पासून सुरू असल्याने ऑनलाइन मराठी लेखनाला तोवर चांगला वाचकवर्ग मिळाला होता. अशाच एका संकेतस्थळावर मी पहिली कथा टाकली आणि वीस मिनिटांत एका अनोळखी माणसाचा प्रतिसाद आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. परदेशात राहणाऱ्या, दिवसभर मराठीचा शब्द कानावर न पडणाऱ्या वाचकाने आपली कथा डब्याच्या सुट्टीत वाचली, याचे मोल ज्याने पोच न देणाऱ्या संपादकांना वर्षानुवर्षे पाकिटे पाठवली आहेत त्यालाच कळेल.

तिसऱ्या वर्षी मी एसटीच्या मुक्कामी गाडीवर चार भागांची कथा लिहायला घेतली. माझ्या लहानपणी आमच्या गावात अशी गाडी येत असे. ती रात्री देवळासमोर उभी राही, चालक-वाहक गाडीतच झोपत आणि पहाटे पावणेसहाला गाडी परत सुटे. कथेतल्या म्हातारीचा मुलगा याच पहाटेच्या गाडीने घर सोडून गेलेला असतो. ती रोज रात्री कंडक्टरला भाकरी आणून देते. आपण इथे कोणाच्या तरी लेकराला जेवू घातले, तर तिकडे आपल्यालाही कोणी जेवू घालील, एवढाच तिचा हिशोब. शेवटी कंडक्टरची ड्यूटी बदलते, दुसरा कंडक्टर येतो, आणि म्हातारी त्याच्या तोंडाकडेही न बघता भाकरी त्याच्या हातात ठेवते. हा शेवट मी आधीच वहीत लिहून ठेवला होता.

दुसऱ्या भागावर एका निवृत्त कंडक्टरचा प्रतिसाद आला. त्यांनी लिहिले होते: ‘मुक्कामी गाडीचा कंडक्टर कॅशची बॅग उशाला घेऊन झोपतो. तुमचा कंडक्टर ती सीटवर ठेवून म्हातारीकडे जेवायला गेलाच कसा? एक रुपया कमी भरला, तर तो त्याच्या पगारातून जाईल.’ या एका वाक्याने माझा कंडक्टर खरा झाला. तिसऱ्या भागात मी त्याला बॅग मांडीवर घेऊन, एका हाताने तिचा पट्टा धरून जेवायला बसवले, आणि म्हातारी त्याला म्हणते, ‘ठेव की रं ती खाली, मी काय चोर हाय व्हय?’ कथेतला सर्वांत चांगला प्रसंग तोच आहे, आणि तो मला त्या प्रतिसादाने दिला. कोणत्याही मासिकाच्या संपादकाने मला ही चूक दाखवली नसती.

तिसऱ्या भागाखाली मात्र ‘पुभाप्र’च्या (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) रांगेत एका वाचकाने लिहिले की आता नवा कंडक्टर येणार आणि म्हातारी त्यालाही भाकरी देणार. त्याला दहा-बारा जणांनी ‘+१’ म्हणत दुजोरा दिला. मी घाबरलो. समूहावरचा माझा एक मित्र, जो स्वतः भयकथा लिहीत असे, मला म्हणाला, ‘ओळखला गेलेला शेवट टाकायचा नसतो. धक्का नाही तर प्रतिसाद नाही, आणि प्रतिसाद नाही तर धागा दोन दिवसांत दुसऱ्या पानावर.’ मी एका रात्रीत शेवट बदलला आणि कंडक्टर हाच म्हातारीचा हरवलेला मुलगा निघाला. त्या भागावर ९४ प्रतिसाद आले. डोळ्यांत पाणी आल्याचे कित्येकांनी लिहिले. निवृत्त कंडक्टरांनी काहीच लिहिले नाही.

पुढच्या वर्षी समूहाच्या सभासदांच्या पुण्यातल्या भेटीत, म्हणजे कट्ट्याला, ते भेटले. चहा झाल्यावर मीच विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, ‘कंडक्टर बदलला म्हणून भाकरी थांबत नाही, हे मी अशा गावांत पाहिलंय. तुम्ही ते लिहाल असं वाटलं होतं.’ मित्र शेजारीच उभा होता. परतीच्या गाडीत मी त्याच्याशी कडाक्याचा वाद घातला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्याचे म्हणणे असे की कथा वाचकांसाठी असते, मग त्यांच्या अपेक्षेनुसार ती वळली तर बिघडले काय. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशःच येत होत्या. हे खरे आहे, पण त्या वाचकाचे मत टपालाने यायला दिवस लागत, आणि पुढचे प्रकरण लिहिताना तो हरिभाऊंच्या खांद्यावरून कागदात डोकावत नसे. शिवाय माझ्या वाचकांनी शेवट ओळखला याचा अर्थ तो फसला असा नव्हता. तीन भागांत मी म्हातारी नीट उभी केली होती, म्हणूनच ती काय करील हे त्यांना कळले. ती शाबासकी होती आणि मी तिला नापासाचा शेरा समजलो.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. समूहावर लेखन सुधारते, पण ते कौतुकाने सुधारत नाही, प्रतिसादांच्या आकड्याने तर नाहीच. वाचकाला जे ठाऊक आहे ते घ्या. त्याला जे हवे आहे ते ऐकून सोडून द्या. शेती, रुग्णालय, कचेरी, बंदर यांत आयुष्य घालवलेली माणसे तिथे फुकट आपले ज्ञान देतात, त्यांच्या एका ओळीसाठी शंभर ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) बाजूला ठेवावेत. क्रमशः कथेचा शेवटचा भाग लिहून पूर्ण झाल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. माझा मित्र हे वाचणार आहे, म्हणून पुन्हा लिहितो: शेवट आधी.

यात एक-दोन गोष्टी राहिल्या. शतशब्दकथेला, म्हणजे शंभर शब्दांच्या ‘शशक’ला, हे फारसे लागू होत नाही. शशकाचा बराच जीव शेवटच्या ओळीत असतो आणि ती ओळखली गेली तर खरोखरच फेरविचार करावा. आणि ज्या दिवाळी अंकांना किंवा स्पर्धांना अप्रकाशित कथा हवी असते, त्यांतले बरेच जण समूहावर टाकलेली कथा प्रकाशितच मानतात. तेव्हा त्यांचे नियम वाचून मगच कोणती कथा कुठे द्यायची ते ठरवा. पैसे देणाऱ्या अ‍ॅपवर मी कधी लिहिलेले नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

माझी ती कथा बदललेल्या शेवटासह अजून तिथेच आहे. संपादकांना विनंती केली तर ते शेवट बदलून देतील, पण खालचे ९४ प्रतिसाद त्या शेवटाला दिलेले आहेत, त्यामुळे मी त्याला हात लावलेला नाही. संग्रहासाठी जे बाड तयार करतो आहे त्यात मात्र मूळ शेवट घेतला आहे. त्यात नवा कंडक्टर एका हाताने भाकरी घेतो, कारण दुसऱ्या हातात बॅगेचा पट्टा आहे.