घराचं डिझाइन सॉफ्टवेअरवर करताना: सोफा नंतर, आधी टेप

सॉफ्टवेअर उघडल्या उघडल्या सोफे आणि पडदे शोधायचा मोह होतो, तो आवर. आधी टेप घेऊन खोली मोज. चार भिंती मोजून थांबू नकोस, दोन्ही कर्णही मोज. ३ बाय ४ मीटरची खोली काटकोनात असेल तर कर्ण ५ मीटर भरतो. दोन कर्णांत फरक आला तर कोपरे तिरके आहेत, आणि नेमकं तिथेच कपाट अडतं. खिडकीची जमिनीपासूनची उंची, बीम, स्विचबोर्ड, पाइप हेही टिपून ठेव.

सुरुवातीला स्वीट होम थ्रीडी हे सॉफ्टवेअर बरं. ते फुकट आहे. जुना नकाशा असेल तर त्याचा फोटो पार्श्वभूमीला टाक, एका माहीत असलेल्या भिंतीचं माप देऊन स्केल बसव आणि त्यावरून भिंती ओढ. भिंतीची जाडी मात्र लगेच भर. नाहीतर प्रत्येक खोली कागदावर थोडी थोडी मोठी होत जाते.

स्केचअप हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणार असशील तर प्रत्येक वस्तूचा ग्रुप करायची, म्हणजे तिचे सगळे भाग एकत्र बांधायची सवय लाव. नाहीतर टेबल हलवताना जमीनही ओढली जाते, मग बस अंडू करत!

तयार लायब्ररीतल्या फर्निचरवर माझा फारसा विश्वास नाही. दिसायला छान, पण मापं तुझ्या पलंगाची नसतात. स्वतःची मापं टाक, दार आणि ड्रॉवर उघडलेल्या स्थितीत तपास, येण्याजाण्याच्या मुख्य वाटेला साधारण ९० सेंटिमीटर ठेव. रंग, प्रकाश, रेंडर (म्हणजे फोटोसारखं अंतिम चित्र) हे सगळं त्यानंतर.